बरणीतली मेणबत्ती आणि गडचिरोलीची सुनंदा

गडचिरोलीला लोक जंगल बघायला जातात, मी जळायला गेले. सुनंदा आणि मी एका वर्गातल्या. तिथल्या हिवतापाच्या प्रयोगशाळेत एकच जागा निघाली, अर्ज दोघींनी केला, लागली ती. मी पुण्यात दिवसभर यंत्रात नळ्या सरकवते. "एकदा येऊन तर पाह्य," ती सारखी म्हणायची. गेले शेवटी.

नागपूरहून ब्रह्मपुरी-आरमोरीमार्गे एसटी घ्या आणि खिडकी पकडा, दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या आहेत. आरमोरीच्या स्टँडवरचा आलूबोंडा तर्री घालूनच खायचा. पुऱ्या बाह्यांचे कपडे आणि मच्छरदाणी मात्र विसरू नका.

"काऊन वो, इतकी सुकली? पुण्यात जेवाले भेटत नाई का?" सुनंदाने उतरल्या उतरल्या विचारलं. ती स्वतः छान दिसत होती. त्याचाही राग आला.

सकाळी प्रयोगशाळेत गेलो. रक्ताच्या काचपट्ट्या जाळीखाली वाळत होत्या. उघड्या ठेवल्या तर माश्या-मुंग्या रक्त चाटून जातात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तर अंगठ्यांसारखे परजीवीच परजीवी! आमच्याकडे वर्षात एखादा दिसला तर सगळे बघायला धावतात. पोटात चांगलंच दुखलं माझ्या.

तेवढ्यात धानोऱ्याकडच्या एका गावातून रैनाबाई आली, अंगात ताप.

"आधी कोणती गोळी खाल्ली का, बाई?" सुनंदाने विचारलं.

"नाई. लय थंडी वाजून राह्यली. आता देता ना गोळी?"

रक्त घेतलं, पट्टीवर परजीवी दिसले आणि लगेच गोळ्या दिल्या. औषध पोटात जाण्याआधीचं असं रक्त मोसमात मोजकंच मिळतं. गोळी अजून लागू पडते का हे बघायला ते प्लेटच्या खळग्यांत घालायचं, काहींत औषध, काहींत नुसतंच. मग काचेच्या बरणीत प्लेटशेजारी मेणबत्ती लावून झाकण ठेवायचं, म्हणजे आतला प्राणवायू कमी होतो. ज्योत विझत आली की झाकणावरची तोटी बंद करायची आणि बरणी उबेत ठेवायची. आत हवा शिरली, तर परजीवी नीट वाढत नाहीत आणि नमुना वाया जातो.

सुनंदाने झाकण ठेवलं आणि बाहेर रैनाबाईला उलटी झाली. गोळ्या पडल्या, पुन्हा द्यायला हव्या होत्या. सुनंदा धावली. तोटी उघडीच राहिली.

हाक मारायची सोडून मी उभी राहिले. मनात आलं, फसू दे की हिचंही एकदा. ज्योत मिणमिणायला लागली. मग बाहेरून रैनाबाईचं कण्हणं ऐकू आलं. बरणीतलं रक्त तिचं होतं, सुनंदाचं नाही. मी तोटी फिरवली आणि बरणी उबेच्या पेटीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनंदा प्लेट वाचताना ओरडलीच, "पाह्य ना, नुसत्या खळग्यातले वाढले! औषधाच्या खळग्यातले जागच्या जागी हायेत. गोळी चालून राह्यली!" एका नमुन्यावरून काही ठरत नाही, तरी तिच्या साहेबांनी फोनवर तिचं कौतुक केलं. रैनाबाईचा तापही उतरला होता.

"तोटी बंद केलती का नाई, मले आठवतच नव्हतं," सुनंदा हसून म्हणाली. "पण माहा हात सवयीनंच करते सारं."

मी अंबाडीची भाजी आणि भात खाल्ला.

परतताना चंद्रपूर, भद्रावती, वरोरा असा रस्ता धरला. कोळशाच्या ट्रकांमागे वेळ फार जातो, डबा जवळ ठेवा. पुण्यात येऊन पुन्हा नळ्या सरकवतेय. जळणं कमी झालं म्हणाल, तर मुळीच नाही.

सुनंदा हा ब्लॉग न चुकता वाचते. सुनंदे, तोटी तुझ्या सवयीच्या हाताने बंद केली नव्हती. तो हात माझा होता.