बरणीतली गप्पी

शेजारच्या खोलीतला हा माणूस नागापूरच्या कारखान्यात लेथवर असतो आणि घरी गप्पी माशांच्या दोन जातींची जोडी लावून नवा रंग काढायच्या मागे असतो. त्याला काळ्या अंगाची, लाल शेपटीची गप्पी हवी आहे. त्यासाठी माद्या लहान असतानाच तो लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत एकेकट्या ठेवतो.

"एकदा भलताच नर लागला का महिनोन्‌महिने त्याचीच पिल्लं देती, सर. सगळी मेहनत पान्यात." हे सांगतानाही त्याची नजर बरणीवरच असते. माझ्याकडे बघून तो कधी बोलत नाही.

परवा रविवारी दुपारी गेलो, तर तो बरण्यांसमोर ताट घेऊन बसला होता. त्याने प्रत्येकीत चिमूटभर खाद्य टाकलं.

"एकटी आसली का खात न्हाई हो. समोर कुनीतरी जेवताना दिसावं लागतं."

माशाला कसलं आलंय सोबतीचं कौतुक, असं माझ्या मनात आलं. त्याने भाकरीचा घास तोंडात घातला. माद्या खरोखरच वर आल्या.

मी जायला उठलो, तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"बसा की सर. माझं जेवन व्हईस्तोर."