बाबांचे भोसरीतले दिवस

आई गेल्यावर मी बाबांना पुनावळ्याला माझ्याकडे आणलं. संध्याकाळी ते गॅलरीत खुर्ची टाकून हायवेकडे बघत बसायचे. "करमतं ना इथं?" विचारलं की म्हणायचे, "करमतंय म्हणायचं."

एकदा मी सहज विचारलं, "बाबा, तुमचे सगळ्यात सुखाचे दिवस कुठले हो?"

त्यांना आठवावंही लागलं नाही. "भोसरीतले. लग्न करून तुझ्या आईला जालन्याहून आणलं, तव्हाचे. पत्र्याची एक खोली. कारखान्यात लेथ मशीनवर ओव्हरटाइम करून यायचो, अंगाला ऑइलचा वास. पण दार वाजवलं की ती हसत उघडायची. सगळा शीण कुठल्या कुठं जायचा बघ."

त्याच दिवसांबद्दल आई माझ्याशी बोलली होती. शेवटच्या आजारात ती दवाखान्यात होती, तिथून घरी परत आलीच नाही. मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा ती म्हणाली, "सगळं परत मिळालं तरी भोसरीतली वर्षं नको गं. ओळखीचं कुणी नाही, नुसतं दार लावून बसायचं. शेजारच्या वर्कशॉपच्या आवाजात मोठ्यानं रडले तरी कुणाला ऐकू जायचं नाही. यांची सायकल आली की मी तोंड धुवायचे अन् दार उघडायचे."

"बाबांना कधी बोलली नाहीस?"

"दमून यायचे बिचारे. माझ्याकडं बघून खुलायचे. ते कशाला मोडू?"

एकच खोली, तीच वर्षं. खोटं दोघांपैकी कुणीच सांगत नव्हतं.

त्या संध्याकाळी गॅलरीत बाबा पुढं म्हणाले, "तिला विचारायचं राहूनच गेलं. ती पण सुखात होती ना गं?"

"होती की," मी म्हणाले. पण म्हणायला मला वेळ लागला.

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. थोड्या वेळानं खुर्ची उचलून आत आले, जेवताना भाजी चांगली झालीय म्हणाले, आणि ताटात तशीच ठेवून उठले.

त्यानंतर भोसरीचं नाव त्यांनी काढलेलं नाही. पाहुण्यांमध्ये जुन्या दिवसांचा विषय निघाला की ते उठून आतल्या खोलीत जातात. त्यांच्या मागोमाग जाऊन काय बोलावं, हे मला अजून सुचलेलं नाही.