परवान्यावरच्या वन्सं

सगळा बाजार तिला रफूवाली म्हणायचा. ती मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "खरी रफूवाली मी नव्हे, आमच्या वन्सं." वन्सं म्हणजे थोरली नणंद. जिन्याखालच्या दोन हात जागेत त्यांनी पंचवीस वर्षं काढली. कपड्याच्याच शिवणीतून दोरा उपसायचा, त्यानंच भोक विणायचं, मग कापड उलटं करून डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवायचा. अंगठा अडखळला की केलेलं सगळं उसवायचं. "डोळ्यांना कुणीही बनवतं गं," म्हणायच्या.

त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. तरी काम झालं की ही कापड उलटं करून त्यांच्या स्टुलावर ठेवायची आणि पाठ करून बसायची. गिऱ्हाइकानं घाई केली तर म्हणायची, "दम धरा, वन्सं बघतायत." नव्या माणसाला वाटायचं, आत कुणी आहे. आत नुसती भिंत. एखाद्या वेळी वळून पाहावं तर कापडावर अंगठ्याएवढी सुरकुती. मग ती मुकाट उसवायला घ्यायची.

गेल्या साली पालिकेची माणसं टपऱ्या मोजायला आली. "धंदा कुणाचा?" त्या स्टुलादेखत "माझा" कुठल्या तोंडानं म्हणणार? तिनं वन्संचं नाव सांगून टाकलं. आता त्याच नावानं चिठ्ठी आली होती. परवान्यासाठी मालकानं स्वतः येऊन फोटो काढावा, नाहीतर महिनाअखेरीला जागा खाली.

कचेरीतल्या बाईंनी चिठ्ठी वाचली. "मालकीणबाई कुठायत?"

"दुकानात."

"मग घेऊन या की."

"आणीन हो, पण तुमच्या फोटोत यायच्या नाहीत त्या."

बाई हसल्या, आणि मधेच हसायच्या राहिल्या. "ताई, कधी वारल्या?"

रफूवालीनं पिशवीच्या तळातून मृत्यूचा दाखला काढला. त्याची घडी अजून मोडलेली नव्हती.

"एवढंच ना? परवाना तुमच्या नावानं होईल. मग कुणाची माय व्याली उठवायला! बँकही कर्जासाठी दारात उभं करील." बाईंनी कागद पुढं सरकवला. "इथं 'मयत' लिहा. खाली तुमचं नाव."

"मी लिहिल्यावर त्या बसायच्या कुठं?"

"काय म्हणालात?"

"काही नाही."

ती तीन अक्षरं लिहायला तिला अख्ख्या शालीच्या रफूएवढा वेळ लागला. मागच्या रांगेतला किल्लीवाला ओरडला, "वहिनी, नाव लिहिताय का विणताय?"

फोटोवाल्यानं तिला पांढऱ्या पडद्यापुढं उभं केलं. "मधे या, मावशी. डावीकडं कुणासाठी जागा सोडलीय?"

ती एक पाऊल सरकली. दंडाला थंडगार दंड लागला. मग लागेनासा झाला.

"हलू नका," फोटोवाला म्हणाला.

ती हललीच नव्हती.