वाळक्या काटक्यांचा अर्ज

इंग्लंडात मेडनहेडला आमच्या शेजारी एक ब्याऐंशी वर्षांचे इंग्रज गृहस्थ एकटे राहतात. पाच वर्षांत आमचं बोलणं कचऱ्याचा कुठला बिन कधी बाहेर ठेवायचा यापलीकडे गेलं नव्हतं. म्हणून एका शनिवारी दार वाजवून त्यांनी विचारलं, "तुम्हाला मराठी वाचता येतं ना?" तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्यांचे आजोबा वऱ्हाडात जंगलखात्यात साहेब होते. त्यांच्या ट्रंकेत गावकऱ्यांचे मराठी अर्ज सापडले होते. मी नागपूरची.

"आजोबा किती चांगले होते याचं सर्टिफिकेट हवंय त्यांना, तेही आपल्या हातून," मी नवऱ्याला म्हणाले. तरी गेले.

अक्षर बाळबोध, शाई विटलेली. पहिला अर्ज एका कुंभाराचा होता. नव्या कायद्यानं जंगलातलं सरपण बंद झालं होतं. त्यानं लिहवून घेतलं होतं, 'झाड सरकारचें, कबूल. परंतु खाली पडलेली वाळकी काटकी सरकारची कशी? भट्टी कशानें लावूं?' समासात इंग्रजीत एकच शब्द होता: नामंजूर.

मी वाचून अर्थ सांगितला. ते काही बोलले नाहीत, फक्त लिहून घेत राहिले. त्या गप्प बसण्यानं माझा संशय वाढला. नको ते कागद हा माणूस उद्या फायरप्लेसमध्ये टाकणार, असं वाटलं. ते चहा करायला आत गेले की मी फोनवर पटापट फोटो काढू लागले.

पुढच्या शनिवारी पाहते तर प्रत्येक कागदामागे पेन्सिलीनं बारीक नंबर घातलेले. म्हणजे मी कागद पळवीन अशी त्यांनाही भीती होती! मला राग आला, आणि लाजही वाटली.

नंतरचे अर्ज अख्ख्या गावाचे होते. चराईचा कर वाढला, शेळ्या कोंडवाड्यात गेल्या, गवत कापायला बंदी झाली. सगळे नामंजूर. शेवटच्या अर्जात विनंतीचा सूरच नव्हता. 'आतां अर्ज करणार नाहीं,' एवढंच लिहून खाली अंगठे उठवले होते.

"पुढे काय झालं, तुम्हाला ठाऊक आहे?" मी जरा टोचूनच विचारलं.

"हो. आजोबांच्या डायरीत आहे. सगळं गाव भरदिवसा विळे घेऊन जंगलात गेलं, गवत कापलं आणि पकडायची वाट बघत बसलं. आजोबांनी पकडलं. इंग्रजीतलं सगळं मी वाचलंय. लोक असं का वागले, ते मात्र त्यात कुठेच नाही. त्यासाठी तुम्हाला त्रास दिला." मग माझ्या फोनकडे बघून म्हणाले, "फोटो खिडकीपाशी काढा. तिथे उजेड चांगला आहे."

मी कागद उचलून खिडकीपाशी गेले.

मार्चमध्ये आम्ही दोघं ते कागद काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या दप्तरखान्याला, देऊन आलो, मी केलेल्या भाषांतरासकट. फॉर्मवर कागद देणाऱ्याच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या नावाखाली माझंही नाव घातलं होतं.

"इथे सही करा," ते म्हणाले.

मी तो फॉर्म बारीक अक्षरांसकट तीनदा वाचला. ते शांतपणे थांबले. मग मी सही केली.