मैदानात गेलेली गढी

बाळांनो, तुमच्या सहलीचे फोटो मिळाले. किल्ल्याच्या भिंतीपुढे दोरी, हात लावायला मनाई. खाली तुम्ही विचारलंत, "आजी, तुमच्याकडे आहे का असा किल्ला?" उत्तर आजच लिहिते आहे. राग ओसरला की मी सगळं गुळमुळीत लिहीन.

डोंगरकडा या गावाजवळच्या आपल्या गावात मध्ययुगातली गढी आहे. गढी म्हणजे लहान किल्लाच: चार बुरुज, खाली दगड, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती. पूर्वी घराच्या धाब्यावर, सपाट मातीच्या छतावर, घालायला लोक टोपलीभर माती न्यायचे. त्याने गढी झिजली, संपली नाही. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे तेव्हापासून सांगत आले की पोरांना बसने लांबचे किल्ले दाखवता, आधी हा दाखवा. निवृत्त होऊन हिंगोलीला आले तरी सांगणं सोडलं नाही. यंदा मुख्याध्यापक हो म्हणाले. गेल्या आठवड्यात सातवीचा वर्ग घेऊन ते आणि मी शाळेतून पायीच निघालो.

गढीवर जेसीबी चालू होता. दोन बुरुज गायब, तिसरा अर्धा.

"सर, हे काय?" मी विचारलं.

"आजच्या दिवस बंद ठेवा म्हटलं होतं मी त्यांना."

"आजच्या दिवस?"

एक मुलगी म्हणाली, "बाई, ही माती आपल्या ग्राउंडवरच येऊन राहिली ना! रोज टिप्पर येते."

त्याच नव्या, सपाट मैदानावर सकाळी मी मुलांना रांगेत उभं केलं होतं.

"पडकी माती, बाई. कुणाच्या कामाची न्हाई," सर म्हणाले. "पोरांना खेळायला तरी झालं."

"पोरांचं नाव पुढे करू नका. इतिहासाच्या तासाला आता काय दाखवणार? टिप्पर?"

मी चौथ्या बुरुजाला पाठ लावून सतरंजी टाकली. "इथे बसा. डबे उघडा."

"सर वरडतील."

"वरडू दे."

जेसीबीवाला खाली उतरला. "मावशी, सरका की. मला वारंगा फाट्याला परत जायचंय."

"मग जा की. धरलंय कुणी?"

मुलं खो खो हसली. त्यानं चिडून मशीन बंद केलं आणि तो गेला. मुख्याध्यापक शाळेकडे निघून गेले, मुलांना तिथेच टाकून.

तेव्हापासून ते माझा फोन उचलत नाहीत. तहसीलमध्ये अर्ज दिला, तिथले साहेब म्हणाले, "बघू." दोन बुरुज पडेपर्यंत कुणी बघितलं नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. वर्गातली मुलं रोज शाळा सुटल्यावर तिकडून चक्कर मारतात आणि मला फोन करतात. आजही आला.

तिसऱ्याचा उरलेला अर्धाही गेला, पण चौथा बुरुज आणि त्याला लागून भिंतीचा एक तुकडा अजून उभा आहे.