बारमाही उन्हाळी

फुटपाथवर भाजी विकणाऱ्या बायकांच्या तब्येतीची एका संशोधन संस्थेने पाहणी केली होती. मी वर्तमानपत्रात आरोग्याच्या बातम्या लिहिते, म्हणून ते भरलेले फॉर्म चाळायला बसले. एक तक्रार जवळजवळ प्रत्येकीची होती, ‘उन्हाळी लागते’. पाहणी करणारी मुलगी शेजारीच बसली होती, हिंजवडीतली आयटीची नोकरी सोडून या कामात आलेली. तिने त्यापुढे लिहिलं होतं, ‘उन्हाचा त्रास. छत्र्या वाटाव्यात.’ आणि फॉर्म भरले होते ऐन थंडीत!

मी कपाळाला हात लावला. "अगं बाई, उन्हाळी म्हणजे लघवीची जळजळ. आजीला विचारायचंस की."

तिचा चेहरा एवढा उतरला, की मलाच वाईट वाटलं. चहा पाजला आणि दोघींनी मिळून सगळे फॉर्म नव्याने वाचले.

खात्री करायला मी आमच्या इमारतीखाली बसणाऱ्या मावशींकडे गेले. त्या धायरीहून पालेभाजी घेऊन येतात. दहा वर्षं मी मेथी त्यांच्याकडूनच घेते.

"मावशी, तुम्हाला उन्हाळी लागते का हो?"

"मला बारमाहीच हाय ती," जुडी बांधता बांधता त्या म्हणाल्या. "आता तर तापबी येतो. सकाळधरनं पाणीच पीत न्हाई मी. प्यायलं की जायाला लागतं. जायाचं कुठं?"

दहा वर्षं मी त्यांना पाणी विचारत होते आणि त्या हातानेच नको म्हणायच्या. मला वाटायचं, बाई मानी आहे. माझं घर पहिल्या मजल्यावर, पंधरा पायऱ्या चढून. पण ‘वर येऊन जात जा’ असं माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. आणि म्हणे मी आरोग्याच्या बातम्या लिहिते. लाज वाटली, अगदी मनापासून.

त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. आणखी अंगावर काढलं असतं तर मूत्रपिंड हातचं गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मावशी आठवडाभर दवाखान्यात होत्या.

बातमी पहिल्या पानावर आली. फोन आले, आश्वासनं आली. स्वच्छतागृह तेवढं यायचं आहे.

मावशी बऱ्या होऊन आल्या, त्या दुपारी मीच त्यांना वर घेऊन आले. चपला दाराबाहेर काढून त्या संकोचत बाथरूममध्ये गेल्या. बाहेर आल्यावर त्यांनी आपणहून पाणी मागितलं. अख्खा तांब्या संपवला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही पाणी विचारायच्या ना, तवा लई तहान लागलेली असायची."