अण्णाची सरळ रेष

अण्णा गेल्यानंतरच्या पहिल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, त्याच्या मित्रांनी ठरवलं, की त्याच्या शेवटच्या फेरीच्या वाटेनंच सायकली काढायच्या. ती वाट त्याच्या जीपीएसमध्ये होती. हैदराबादच्या नोकरीत असताना घेतलेलं ते मुठीएवढं यंत्र आता त्याच्या मुलीच्या, म्हणजे माझ्या पुतणीच्या, हँडलवर बांधलेलं होतं. ज्याच्याकडं यंत्र तो पुढं, त्याला कुणी ओलांडायचं नाही, हा आमच्या गटाचा नियम. सर्वांत मागं मी. मागच्याच्या गळ्यात शिट्टी असते. ती वाजली की ज्यानं त्यानं असेल तिथं थांबायचं.

"मास्तर, मागं राहून पुस्तक वाचायलाव का?" बिदरचा एक जण मान वळवून ओरडला. मागच्या वर्षी माझ्यापुढं अण्णाची पाठ होती.

कमठाण्याच्या अलीकडं ऊन कललं. येळवशीला सगळं गाव शेतात असतं आणि वाटेवरच्या माणसाला ओल्या दाण्यांची नि पालेभाज्यांची भज्जी जेवू घातल्याशिवाय पुढं सोडत नाही. जोंधळ्यातून एका म्हातारीनं हाक मारली, "कामून पळायलाव रे? उपाशी कुठं जायलाव?"

पुतणीनं हात हलवला, पण थांबली नाही. अंधार पडायच्या आत तिला वडलांची रेष पुरी करायची होती. शेत मागं पडताच ती गाडीवाट सोडून गवतात शिरली. यंत्र पुढं, म्हणून तिच्यामागं बाकीचेही शिरले. सूर्य अगदी समोर, डोळ्यांवर.

मला गवत आठवेना. मागच्या वर्षी आम्ही याच शेतात जेवलो होतो आणि नंतर गाडीवाटेनं खाणीला वळसा घालून गेलो होतो. लाल दगडाची जुनी खाण. चिरे कापून नेल्यानं तिच्या कडा भिंतीसारख्या उभ्या, आणि गवत थेट कडेपर्यंत. मग रेष इकडं कशी वळली?

तेव्हा लक्षात आलं. थांबल्या जागी ते यंत्र गप्प बसत नाही. त्याचा अंदाज थोडा थोडा हलत राहतो आणि पडद्यावर रेषांचा गुंता होतो. अण्णाला तो बघवायचा नाही. "बसलं की हे येड्यावानी गिरगटायलंय," म्हणत तो जेवताना यंत्र बंद करायचा. त्या दिवशी जेवून उठल्यावर ते सुरू करायचं राहिलं आणि खाण ओलांडल्यावर आठवलं. यंत्रानं शेत आणि खाणीपलीकडची जागा ही दोन टोकं सरळ जोडून टाकली होती.

मी शिट्टी तोंडात धरली. नुसती हवा निघाली. तोंड कोरडं पडलं होतं. पुढं उतार लागला होता आणि तिची सायकल वेग घेत होती. मी पुन्हा फुंकलं. वारा समोरून येत होता. सर्वांत जवळचा तेवढा थांबला. तिसऱ्यांदा मी छातीत होती नव्हती ती सगळी हवा ओतली.

तिची सायकल आडवी घसरली आणि गवतात थांबली.

मी पोचलो तेव्हा ती उठून उभी होती, कोपर खरचटलेलं, चेहऱ्यावर राग. "काका, कशाला थांबवलंत? पप्पा इथूनच गेलते. बघा की, रेष आहे."

मी तिचा दंड धरून तिला सायकलीच्या चार पावलं पुढं नेलं. गवत संपलं. खाली खाणीत सावली भरली होती आणि तळाशी हिरवट पाणी होतं.

तिनं खाली बघितलं, मग मागं सायकलीवरच्या यंत्राकडं.

"मग पप्पा कुठं होते?"

"त्या शेतात. भज्जी खायलालते."

आम्ही सायकली हातात धरून मागं वळलो. म्हातारी बांधावरच उभी होती. "आलाव का? मला वाटलं, उपाशीच गेलाव," म्हणाली आणि तिनं घोंगडी अंथरली. पुतणीनं आंबिलीचा गडवा दोन्ही हातांनी धरला. "ते पण इथंच बसलते का?" तिनं विचारलं. मी बोरीकडं बोट केलं. ती उठून बोरीखाली जाऊन बसली.

यंत्र तिच्या मांडीवर गिरगटत होतं. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथंच होतो. तिनं ते बंद केलं नाही.